भिंगाखालची पाकळी

रोम, ३ फेब्रुवारी १९८७

लेल्लो,

पाकिटाच्या मागे तू हल्ली 'रफाएल' असं लिहितोस. पोस्टमनने परवा विचारलं, बाई, हे कोण नवीन? मी म्हटलं, नवीन नाही हो, जुनाच आहे, जेरुसलेमला धर्मशास्त्र शिकायला जाऊन नाव लांब झालंय. मला तू लेल्लोच. रागावलास तरी लेल्लोच.

बाजारात आर्टिचोक आले, कमळाच्या कळीसारखे घट्ट मिटलेले. थंडी अजून आहे, पण आसुन्ताच्या गाड्यावर पहिली टोपली लागली आणि माझे पाय आपोआप तिकडे वळले. आसुन्ता तुला आठवत असेल, तू एवढासा होतास तेव्हा देठ सोलून तुझ्या हातात द्यायची ती. तिने विचारलं, पोरगा येतोय का सणाला? मी म्हटलं, विचारते.

म्हणून विचारते. वल्हांडणाच्या सणाला येशील का?

गेल्या वर्षीचं मी विसरलेले नाही, आणि तूही विसरला नसशील. सणाच्या टेबलावर तू तुझ्या ताटातला आर्टिचोक उचललास तेव्हा आम्हाला वाटलं, खातोय. तू त्याची एकेक पाकळी ओढून दिव्याखाली धरलीस. शेवटी ताटात नुसता पाचोळा उरला आणि तू ताट सरकवून म्हणालास, आख्खा तळलेला आर्टिचोक आपल्या ज्यू धर्मात चालत नाही, आत किडे असतात आणि ते बघता येत नाहीत. तुझे पपा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे माझ्या आईने आम्हाला किडे खाऊ घातले." आणि उठून आत गेले.

तुझा तसा हेतू नव्हता, हे मी त्यांना वर्षभर सांगते आहे. पण लेल्लो, अल्लेग्रा आजीचं त्यांच्याकडे दुसरं उरलंय काय? फोटो एक, त्यातही तिने मान वळवलेली. युद्धात ज्या वर्षी जर्मन सैनिकांनी तिला ट्रकमध्ये चढवून नेलं, त्या वर्षीच्या वसंतात तिने तळलेल्या आर्टिचोकची चव, बस. पपा तेव्हा तेरा वर्षांचे होते. चव खरी की त्यांनी मनाने बनवलेली, देव जाणे. पण मी लग्न होऊन आले तेव्हा तळताना मला शेजारी उभं राहून सांगायचे, अजून नाही, अजून नाही, आता काढ. तेव्हापासून मी तसाच काढते.

आता त्यांची अट एकच आहे. माझ्या टेबलावर बसायचं तर माझ्या टेबलावरचं खायचं. तुझीही काही अट असेलच. दोघांच्या मध्ये मी कढई घेऊन उभी.

तर तूच मला सांग, तुझ्या गुरुजींना विचारून सांग, आर्टिचोक कसा केला तर तुला चालेल? कितीही वेळखाऊ असू दे. मी करीन. मला फक्त तुम्ही दोघं एका टेबलावर हवे आहात.

पपांची तब्येत ठीक. पोटाची जराशी तक्रार आहे, वय झालं की असतंच.

तुझी आई

---

रोम, २६ फेब्रुवारी १९८७

लेल्लो,

तुझं पत्र मिळालं. तू लवकर उत्तर दिलंस याचाच मला एवढा आनंद झाला की पहिल्यांदा वाचताना आत काय लिहिलंय ते कळलंच नाही. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं.

सगळ्या पाकळ्या काढून टाकायच्या, आतली लव खरवडायची, बुडखा तेवढा ठेवायचा, तो साबणाच्या पाण्यात घोळवायचा, वाहत्या नळाखाली धुवायचा आणि उजेडात धरून सगळ्या बाजूंनी बघायचा. मग चालेल. अरे, पाकळ्या टाकून नुसता बुडखाच खायचा तर मी बटाटा का तळू नये? तुला चिडवत नाहीये. बरं, थोडं चिडवते आहे.

मी करून बघितलं. आधी वाटलं, तुला बुडखा आणि आम्हाला आख्खा, दोन्ही करू. पण पपांच्या समोर तुझ्या ताटात वेगळा पदार्थ म्हणजे पुन्हा तेच. म्हणून मधला मार्ग काढायला गेले. नेहमीसारखा सोलला, वाकड्या सुरीने गोल गोल फिरवत, बाहेरचं निबर सगळं उतरवलं, लिंबू चोळलं. मग ओट्यावर उलटा आपटून उघडण्याऐवजी बोटांनी एकेक पाकळी मागे वाकवली आणि आत बघितलं. तशी पाकळी न पाकळी बघितली. तोवर तो ढिला होऊन बसला होता. तेलात टाकल्यावर पाकळ्या सुटून कढईभर पोहायला लागल्या. एरवी फुलासारखा उमलतो, हे फूल कसलं, केर.

आसुन्ताला सांगितलं तर ती कंबरेवर हात ठेवून हसली. "कोस्तान्झा, आमच्याकडे पोरं पाद्री होतात तेव्हा लग्न करत नाहीत, एवढंच. तुमच्याकडचं म्हणजे भलतंच." मी म्हटलं, तुझ्या मालात किडे आहेत का ते सांग. तिने असं काही बघितलं माझ्याकडे की मी मुकाट्याने टोपली भरली.

पपा हल्ली रोज आर्टिचोक मागतात. बाकी फारसं काही खात नाहीत. सूप नको म्हणतात, मासा नको म्हणतात, पण तळलेल्या आर्टिचोकच्या बाहेरच्या कुरकुरीत पाकळ्या आणि मधला मऊ गाभा तेवढा जातो. मीही म्हटलं, जातंय ते जाऊ दे. मी भाजी आणली की आधी ते चारपाच कच्चेच उचलून बाल्कनीत नेतात आणि दार लोटून घेतात. तिथे काय करतात ते विचारू नकोस, मी सांगणार नाही, कारण मला बजावलेलं आहे. परत येतात तेव्हा बोटं काळी झालेली असतात आणि चेहरा खुललेला असतो. "आजही काही नाही," म्हणतात. मी विचारते, काय काही नाही? म्हणतात, काही नाही म्हणजे काही नाही.

तू येण्याचं काही लिहिलं नाहीस. बुडख्याबद्दल सगळं लिहिलंस.

पपांनी पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलंय. मी म्हटलं, बारीक झालास, तरुण दिसतोस. ते खूश झाले.

तुझी आई

---

रोम, १५ मार्च १९८७

लेल्लो,

हे मी पपांच्या सांगण्यावरून लिहिते आहे. ते समोर खुर्चीत बसले आहेत आणि मी काय लिहिते ते बघतायत.

काल त्यांना आर्टिचोकमध्ये किडा सापडला. ते म्हणतात, त्याला लिही की तुझं खरं होतं.

दुसरं काही लिहायचं नाही म्हणतात.

तुझी आई

---

रोम, २७ मार्च १९८७

लेल्लो,

मी खालच्या मजल्यावर रिनाच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. पपा वर झोपलेत, रिना त्यांच्याजवळ आहे. आज मी शपथ मोडणार आहे, तीही एक नाही, दोन. माझ्या नावावर लिहून ठेव, तुझ्या गुरुजींना सांग, मला काही वाटत नाही.

तुझं उत्तर आलं. तू लिहिलंस, 'देवाची कृपा, पपांचे डोळे उघडले. आता त्या घरात पुन्हा आख्खा आर्टिचोक तळला जाणार नाही याचा मला फार आनंद आहे. आजीच्या वेळच्या लोकांना माहीत नव्हतं, त्यांचा दोष नाही.' पपांना चष्मा सापडेना म्हणून मला मोठ्याने वाचायला लावलं. मी मधलं एखादं वाक्य गाळायला हवं होतं. पण मला कुठे माहीत की पुढच्या ओळीत आजी येणार आहे. वाचून बसले. पपांनी कागद मागून घेतला, घडी केली, उशीखाली ठेवला. "दोष नाही," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून ते जेवत नाहीत.

पहिली शपथ. पपांच्या पोटात गाठ आहे. ऐरागैरा डॉक्टर नाही गाठला मी, दोन मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. कापून उपयोग नाही म्हणाले. पण जे खाल्लं जाईल ते खाऊ द्या, खात राहिले तर उन्हाळा बघतील, असं म्हणाले. पपांनी मला तुझी शपथ घातली होती, त्याला कळवायचं नाही. "माझी कीव करून टेबलावर येऊन बसलेला मला नको आहे. यायचं तर माझं खायला येऊ दे." म्हणून मी तुला पोटाची जराशी तक्रार लिहीत राहिले.

दुसरी शपथ भिंगाची. पपांचं ते घडीचं पितळी भिंग, दुकानात लिननचे धागे मोजायचे ते, तुला खेळायला मिळायचं नाही म्हणून तू रडायचास. तुझं बुडख्याचं पत्र आल्यापासून ते घेऊन ते बाल्कनीत बसत होते. एक पाकळी सोलायची, उन्हात पांढऱ्या रुमालावर पसरायची, भिंगाखाली धरायची, मग दुसरी. माल बघताना बसायचे ना, एक डोळा मिटून, तसेच. त्यांना तुला दाखवून द्यायचं होतं की आपले रोमचे आर्टिचोक मुठीसारखे मिटलेले असतात, त्यात किडा शिरूच शकत नाही, आणि त्यांची आई चुकली नव्हती. हे सगळं झाल्यावर सणाला तुला बोलवायचं, टेबलावर रुमाल पसरायचा आणि भिंग तुझ्या हातात द्यायचं, असं त्यांच्या मनात होतं. मला सांगितलं नाही, पण तीस वर्षांच्या संसारात एवढं न सांगता कळतं.

मग तो किडा. मला हाक मारली. मी रुमालाकडे बघितलं, मला काहीच दिसलं नाही, मी म्हटलं, कुठे? त्यांनी भिंग हातात दिलं. तेव्हा दिसला. पायसुद्धा होते. भिंग काढलं की पुन्हा रुमाल कोरा. ते म्हणाले, "बंद कर ते. त्याला लिही." आणि हे भिंगाचं मात्र लिहायचं नाही, कारण आपण वर्षभर ऐटीत बसून शेवटी भिंग घेऊन त्याच्यासाठी पाकळ्या मोजत होतो, हे पोराला कळायला नको.

मला वाटलं, राग दोन दिवसांत उतरेल. पण हा राग नाही, लेल्लो. राग असता तर मी त्याला पुरून उरले असते. आर्टिचोक समोर ठेवला की ते ताटाकडे बघतात आणि म्हणतात, ती आम्हाला हेच द्यायची. सूप ठेवलं की ते म्हणतात, तिने दिलेलं चाललं नाही, तुझं कसं चालेल. मी भांडले, रडले, देवाची भीती घातली, पाया पडायचं तेवढं राहिलं. काल चमच्याने पाणी दिलं ते कसंबसं गेलं.

तुझ्या पुस्तकांत काही नाही का रे? इतक्या जाडजूड पुस्तकांत एखादी ओळ नाही का, की आजीचं चालत होतं म्हणून? माझ्या ऐकण्यातलं काही त्यांना पटत नाही. त्यांना तुझ्याकडूनच हवंय, कारण तूच ते काढून घेतलंस. नसेल ओळ तर खोटं लिही. मी सांगते आहे, आई सांगते आहे, खोटं लिही. पाप माझ्या डोक्यावर. 'गुरुजींना विचारलं, रोमचे आर्टिचोक चालतात' एवढं लिही आणि सही कर, हवं तर रफाएल म्हणून कर.

मी फोनही करून बघितला होता, बाजाराजवळच्या बारमधून, घरचा पपांच्या खुर्चीशेजारी असतो म्हणून. तिकडे कुणीतरी उचलला, हिब्रूत काहीतरी ओरडला आणि ठेवला. पोस्टाच्या बाईने सांगितलंय की हे पत्र जलद टपालाने जाईल. तू लवकर कर.

आई

---

रोम, ५ मे १९८७

लेल्लो,

तुझी तीन पत्रं इथे पडून आहेत. मी उत्तर दिलं नाही, आजारी नव्हते. तिन्हींत तू एकच विचारलंयस, पपा शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाले का. सुतकात तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हटलं होतं. मग सण आला आणि सणाने सुतक अर्ध्यावर मोडलं. रडणं थांबवा आणि टेबल मांडा, असंच आहे ना तुमच्या शास्त्रात, आमच्याही आहे. मांडलं. तू बसलास, उकडलेली अंडी खाल्लीस, पपांच्या खुर्चीकडे बघितलं नाहीस, मीही नाही. अशा जेवणात खरं बोलायला तोंड कुठून आणायचं?

खोट्याने या घरात काही शिजलं नाही, हे मला आता पुरतं कळलंय. तेव्हा ऐक.

तू पत्र न लिहिता स्वतःच आलास, बॅग दारात टाकून थेट त्यांच्या खोलीत गेलास, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. तू गुडघे टेकून बसलास आणि म्हणालास, "पपा, भिंगातून दिसतं ते धरत नाहीत. जे नुसत्या डोळ्यांना दिसतं तेवढंच. कोणालाही विचारा. आजीचं सगळं चालत होतं." मला दारात उभ्या उभ्या रडू फुटलं. म्हणजे ओळ होती. पहिल्यापासून होती. मी भिंगाचं एक वाक्य त्या पंधरा मार्चच्या पत्रात घातलं असतं, ते समोरून बघत असताना सुद्धा कुठेतरी कोपऱ्यात घातलं असतं, तर तू तेव्हाच लिहिलं असतंस. आणि तू सुद्धा एकदा, फक्त एकदा विचारलं असतंस, किडा कसा सापडला आई? पण तुला आनंद झाला होता.

पपा काय म्हणाले ते तू ऐकलंस. "हे तुला तुझ्या आईने पढवलंय."

तू म्हणालास, "नाही पपा, शास्त्रात आहे."

"शास्त्र तुझ्याकडे वर्षभर होतं. मी मरायला टेकलो तेव्हाच बरं ते नरम झालं."

मी पुढे होऊन सांगितलं की हा खरं बोलतोय, सेत्तिमियो. ते माझ्याकडे बघून हसले. शपथ मोडलेल्या बायकोकडे बघून हसावं, तसे. मी तुला खोटं लिहायला सांगितलं होतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांना मी माहीत होते. तू जेरुसलेमहून खरं घेऊन आलास आणि माझ्या खोट्याच्या जागेवर नेऊन ठेवलंस.

मग ते म्हणाले, "चालतं ना? मग खा."

मी स्वयंपाकघरात पळाले. घाईत एकदा सुरी लागली. आर्टिचोक सोलला, लिंबू लावलं, उलटा धरून ओट्यावर आपटला, आत मीठमिरी भरली. मंद आचेवर एकदा, मग आच मोठी करून पुन्हा, आणि शेवटी बोटं पाण्यात बुडवून तेलावर शिंतोडा. आतल्या खोलीतून त्यांचा आवाज आला, "अजून नाही." लेल्लो, कित्येक दिवसांनी ते तळण्याबद्दल बोलले होते. "अजून नाही." मग "आता काढ." मला वाटलं, झालं, देवाने ऐकलं. आता लेल्लो खाईल, मग हे खातील, मग उन्हाळा येईल.

तू ताटली मांडीवर घेतलीस. प्रार्थना म्हटलीस, पपांनी आमेन म्हटलं. इथपर्यंत तुला ठाऊक आहे. यापुढचं तू बघितलं नाहीस, कारण तुझी मान खाली होती.

तू पाकळी ओढलीस आणि तोंडात घालण्याआधी उलटी करून बघितलीस. फार नाही. माशात काटा आहे का बघावं, तेवढंच. मग दुसरी. तुला ते कळलंही नसेल. मला माहीत आहे, तुझ्या नियमात डोळ्यांनी बघायचं असतं, तू बघितलंस, नियमाप्रमाणेच केलंस. पण पपा उशीवरून तुझी बोटं बघत होते. दुकानात एखादं गिऱ्हाईक चादरीची किनार उलटून बघायला लागलं की ते गप्प होत, भावही सांगत नसत. घरी येऊन मला म्हणत, आज एकाला माझा शब्द पुरला नाही. तोच चेहरा झाला त्यांचा. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

आणि तू खाल्लास. तू पाकळ्या खाल्ल्यास, गाभा खाल्लास, देठसुद्धा खाल्लास, रडत रडत खाल्लास, हनुवटीवरून तेल गळत होतं. लहानपणी खायचास तसा खाल्लास. माझ्या मुलाने माझ्या हातचा आख्खा आर्टिचोक खाल्ला आणि तो ज्यांच्यासाठी खाल्ला त्यांची पाठ होती.

तू ताटली ठेवायला बाहेर गेलास तेव्हा मी त्यांच्या कानाशी वाकले. म्हटलं, "खाल्ला रे त्याने. सगळा खाल्ला, देठासकट."

ते म्हणाले, "तपासून."

तुझ्याबद्दल ते शेवटचं हेच म्हणाले. त्यानंतर दोन दिवस ते होते, पण डॉक्टर, पाणी, कूस बदल, एवढंच बोलले. तू त्यांचे पाय चेपत बसायचास ते त्यांना बरं वाटायचं, हे मी तुला मनचं सांगत नाही, त्यांनी पाय ओढून घेतले नाहीत. याच्यापुढे मला तुला काही देता येत नाही, लेल्लो. असतं तर दिलं असतं.

तू लिहितोस, आई माझ्यावर रागावू नकोस. मी रागावलेली आहे. तुझ्यावर, त्यांच्यावर, त्या पत्रात वाक्य न घालणाऱ्या बाईवर. रिना म्हणते, काळ जाऊ दे. जाऊ दे ना, मी कुठे धरून ठेवलाय. तू इथे येऊन राहा म्हणत नाही. तुझं तिकडे ठीक चाललंय, शिक, लग्न कर, मुलांना हवं ते नाव ठेव. 'सेत्तिमियो' ठेवणार असशील तर मात्र मला आधी विचार.

आसुन्ताकडे आता शेवटचा माल आहे, निबर, टोपलीच्या तळाचा. तिने पैसे घेतले नाहीत. घरी आणून मी एक सोलला आणि तळला, एकटीसाठी कढई चढवायला कंटाळा आला होता तरी तळला. अजून नाही म्हणायला कोणी नव्हतं, म्हणून थोडा जास्तच झाला. टेबलावर बसले, पाकळी ओढली.

आणि उलटी करून बघितली.

काही नव्हतं. दुसरी बघितली, तिसरी बघितली. जन्मभर मी हे कधी केलेलं नाही. सगळा उकलून बघेपर्यंत तो थंड झाला, आणि मग मला खाववला नाही.

आई